अर्ध्या गिरकीची आस

चाहत्यांना काय हवं असतं? आपला माणूस जिंकावा, दुसरं काय! पण फेब्रुवारी २०२२ मध्ये बीजिंगच्या हिवाळी ऑलिम्पिकमधलं पुरुषांचं फिगर स्केटिंग बघायला बसलेल्या युझुरू हान्यूच्या चाहत्यांची मागणी जरा जगावेगळी होती. या जपानी स्केटरनं २०१४ आणि २०१८ ची सुवर्णपदकं आधीच घरी नेली होती. आता त्यांना त्याच्याकडून हवी होती अर्धी गिरकी. हवेत चार गिरक्या घेणारे तोवर बरेच झाले होते. साडेचार घेऊन स्पर्धेत सरळ उतरलेला मात्र कुणीच नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, चार जमतात तर साडेचारचं एवढं काय कौतुक? आणि ही अर्धी आली तरी कुठून?

ती आली नॉर्वेहून. अ‍ॅक्सेल पाउल्सेन हा तिथला स्केटर. १८८२ साली व्हिएन्नात त्यानं एक उडी मारून दाखवली, तीही शर्यतीचे लांब पात्यांचे स्केट घालून. आज फिगर स्केटिंगमध्ये मोठ्या उड्या सहा प्रकारच्या. त्यातल्या पाच उड्यांत स्केटर पाठमोरा निघतो आणि पाठमोराच उतरतो. अ‍ॅक्सेल या पाउल्सेनच्या उडीत तो समोर तोंड करून झेपावतो, उतरतो मात्र पाठमोरा. म्हणून अर्धी गिरकी जास्तीची. एकेरी अ‍ॅक्सेल म्हणजे दीड गिरकी, चौपट म्हणजे साडेचार.

या उडीचा इतिहास बघा. दीड गिरकी १८८२ मध्ये. अडीच गिरक्या अमेरिकेच्या डिक बटननं १९४८ च्या ऑलिम्पिकमध्ये घेतल्या. साडेतीन कॅनडाच्या व्हर्न टेलरनं १९७८ मध्ये. एकेका गिरकीसाठी माणसाच्या एकदोन पिढ्या खर्ची पडल्या!

का? कारण हवेत वेळच मिळत नाही. उडीची उंची ६० सेंटिमीटर धरली तर उडून खाली येईपर्यंत साधारण ०.७ सेकंद जातात. यात ना वशिला चालतो, ना तपश्चर्या. गुरुत्वाकर्षण सगळ्यांना सारखंच. बरं, उंच उडावं म्हटलं तर तिथेही गंमत आहे. वेळ थोडा वाढवायला उंची खूप वाढवावी लागते. फिरण्याचा वेग तोच ठेवून चाराच्या साडेचार करायच्या, तर ६० सेंटिमीटरची उडी जवळपास ७६ ची व्हायला हवी. तीही आधीच जीव तोडून मारलेली उडी!

मग उरतो दुसरा मार्ग: जास्त जोरात फिरणं. ऑफिसातल्या फिरत्या खुर्चीवर बसा, दोन्ही हातांत पाण्यानं भरलेल्या बाटल्या घेऊन हात पसरा आणि कुणालातरी खुर्ची फिरवायला सांगा. आता बाटल्या छातीशी ओढा. खुर्ची एकदम भणाणते! कुणी जास्तीचा धक्का दिलेला नसतो. शरीराचं वजन मध्याशी गोळा झालं की वेग आपोआप वाढतो. स्केटरही हात छातीशी आवळतो, पायावर पाय घट्ट जुळवतो आणि सेकंदाला पाचाहून जास्त गिरक्यांचा वेग गाठतो.

यातला खरा चमत्कार मला वेगळाच वाटतो. हवेत ढकलायला काहीच नसतं. म्हणजे फिरण्याचं जे काही भांडवल आहे, ते सगळं पातं बर्फ सोडण्याआधीच कमवावं लागतं. वर गेल्यावर कमाई बंद, नुसता खर्च. आणि उतरण्याच्या क्षणभर आधी हातपाय उघडून ही भणाणती गिरकी थोपवायची, शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट आदळ एका पायावर घ्यायची आणि पात्याच्या बाहेरच्या कडेवर उलटं घसरत जायचं. हे पातं किती रुंद? जेमतेम चार मिलिमीटर. त्यातही मधोमध खाच, म्हणून कडा दोन, आणि चालते त्यातली एकच.

बर्फ तरी घट्ट असावा? तसंही नाही. फिगर स्केटिंगचा बर्फ हॉकीच्या बर्फापेक्षा मुद्दाम थोडा उबदार, म्हणून मऊ ठेवतात. कडा रुतली पाहिजे, पात्याच्या पुढचे दाते टोचून झेप घेता आली पाहिजे. पण ज्या बर्फात आपले दाते रुततात, त्यात इतरांचेही रुतलेले असतात. स्पर्धेच्या फेऱ्या दोन, आधी छोटा शॉर्ट प्रोग्राम, मग लांबलचक फ्री स्केटिंग, आणि निकाल दोन्हींच्या बेरजेवर. बीजिंगमध्ये शॉर्ट प्रोग्रामला हान्यू पहिल्याच उडीसाठी वळला आणि पातं बर्फातल्या एका खड्ड्यात अडकलं, असं त्यानं नंतर सांगितलं. चार गिरक्यांची उडी एकीवरच विरली. त्या उडीला शून्य गुण. गडी आठव्या क्रमांकावर.

सुवर्णाची आशा जवळजवळ संपली. कुणाही हिशेबी माणसानं फ्री स्केटिंगमध्ये ती साडेचारची जोखीम वगळली असती. हान्यूनं तीच उडी सुरुवातीला घेतली आणि तो पडला. गिरकीही किंचित अपुरी भरली. पण अधिकृत गुणपत्रिकेत चौपट अ‍ॅक्सेल म्हणून नोंद झाली. असा प्रयत्न पहिल्यांदाच नोंदला गेला होता. हान्यू चौथा आला, सुवर्ण अमेरिकेच्या नेथन चेनला मिळालं.

पुढे सातच महिन्यांनी, १४ सप्टेंबर २०२२ ला, न्यूयॉर्क राज्यातल्या लेक प्लॅसिडमध्ये इलिया मलिनिन नावाचा सतरा वर्षांचा अमेरिकन पोरगा साडेचार गिरक्या घेऊन सरळ उतरला. त्याचे आईवडील दोघेही उझबेकिस्तानकडून स्केटिंग केलेले. ही उडी करून बघायची प्रेरणा कुणाची? हान्यूची, असं तो स्वतःच सांगतो.

आता चाहत्यांच्या डोक्यात काय चालतं ते बघू. या खेळाचा चाहता बसतो तो मनात आकडेमोड करत. चौपट अ‍ॅक्सेलची मूळ किंमत १२.५० गुण. नऊ पंच तिला उणे पाच ते अधिक पाच दर्जा देतात. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा काढून टाकून सरासरी घेतात. दर्जाची एक पायरी म्हणजे मूळ किमतीचा दहावा हिस्सा. उडी निर्दोष झाली तर १८.७५ पर्यंत मजल. पडलात तर बहुधा निम्मे, वर एक गुण दंड, म्हणजे उरले ५.२५. पाऊण सेकंदाच्या आत साडेतेरा गुणांची उलथापालथ! २०२४ मध्ये फ्री स्केटिंगमध्ये उड्यांच्या अशा संधी सात होत्या. म्हणून शॉर्ट प्रोग्राममध्ये मागे पडलेल्याचा चाहता टीव्ही बंद करत नाही. ती नुसती भाबडी आशा नसते, तिला गणिताचा आधार असतो.

याचा पुरावा मार्च २०२४ मध्ये माँट्रियलच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत मिळाला. शॉर्ट प्रोग्रामनंतर जपानचा शोमा उनो पहिला, युमा कागियामा दुसरा, मलिनिन तिसरा. आधीच्या दोन वर्षांचा जगज्जेता उनोच, त्यामुळे त्याच्या चाहत्यांना हॅटट्रिक दिसत होती. फ्री स्केटिंगमध्ये मलिनिननं सहा चौपट उड्या मारल्या, त्यात अ‍ॅक्सेल होतीच. गुण मिळाले २२७.७९, त्या वेळचा जागतिक विक्रम. एकूण ३३३.७६ गुणांसह सुवर्ण त्याचं, रौप्य कागियामाचं. उनोच्या उड्या फसल्या.

आणि कांस्य? फ्रान्सच्या आदाम सियाओ हिम फानं नेलं. शॉर्ट प्रोग्राममध्ये ७७.४९ गुण मिळवून हा युरोपचा विजेता चक्क एकोणिसावा होता. तिसऱ्या क्रमांकापासून २८ गुण मागे! त्याच्या चाहत्यांनी काय मागितलं असेल? पहिल्या दहात येऊ दे, एवढंच बहुधा. फ्री स्केटिंगमध्ये त्यानं २०६.९० गुण काढले.

यात भर म्हणून त्यानं एक उलटी कोलांटीही मारली. टेरी कुबिका या स्केटरनं ती १९७६ च्या ऑलिम्पिकमध्ये मारून दाखवल्यावर लगेच तिच्यावर बंदी आली होती. त्या बंदीचं कलम उठलं माँट्रियलनंतर, जून २०२४ मध्ये. म्हणजे तेव्हा कोलांटीला गुण शून्य आणि दंड दोन. हे ठाऊक असूनही त्यानं ती मारली. शेवटी तो चौथ्या आलेल्या उनोपेक्षा ३.५४ गुणांनी पुढे राहिला. म्हणजे दोन गुणांची चैन परवडली खरी. पण एकोणिसावा म्हणून तो पहिल्याच गटात उतरला होता. कोलांटी मारताना त्याच्यामागून अजून किमान अठरा जण यायचे होते, आणि त्यांच्यात उनोही होता.