मोठी तुकडी की दोन लहान?

वॉरहॅमर ४०,०००च्या दहाव्या आवृत्तीत २० जणांची एक तुकडी घ्यावी की १०-१०च्या दोन? माझ्या मते, खास कारण नसेल तर दोन लहानच घ्याव्यात. गुण मिळतात ते मुख्यतः ऑब्जेक्टिव्ह राखून, आणि दोन तुकड्या एकमेकींपासून लांबची दोन ऑब्जेक्टिव्ह धरू शकतात. शिवाय ब्लास्ट शस्त्राला लक्ष्यातल्या दर ५ मॉडेलमागे १ जादा हल्ला मिळतो. डी६ हल्ल्यांचं शस्त्र २० जणांवर डी६ + ४ होतं, १० जणांवर डी६ + २. तसंच एका तुकडीवर झाडलेल्या जादा गोळ्या दुसरीकडे वळत नाहीत, त्या वाया जातात.

यावर आक्षेप असा की मोठी तुकडी जास्त टिकते. तो बऱ्याच अंशी खरा आहे. बॅटल-शॉकची चाचणी निम्म्याखाली गेल्यावर होते; म्हणजे २० जणांतले ११ पडावे लागतात, १० जणांतले ६ पुरतात. स्ट्रॅटेजमही बहुधा एकाच तुकडीला लागू होतो आणि लीडरचा फायदा सगळ्या २० जणांना मिळतो. म्हणून सीपी (स्ट्रॅटेजमसाठी लागणारे कमांड पॉइंट) आणि लीडर जिच्यावर खर्च करायचे, ती एक तुकडी जरूर मोठी ठेवा. पण नुसती टिकाऊ हवी म्हणून सगळं सैन्य मोठ्या तुकड्यांत बांधलंत, तर ऑब्जेक्टिव्ह राखायला तुकड्याच कमी पडतील.