बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा आणि स्थापत्याचे अध्यापन

स्थापत्यशास्त्राच्या अध्यापकाने तुळई, स्तंभ आणि कमान यांची गणिते फळ्यावर सोडवून दाखवावीत हे रास्तच. परंतु चारशे वर्षे जमिनीत राहूनही काम देणाऱ्या बांधकामापुढे विद्यार्थ्यांस उभे करून, हे टिकले कशाने, असा प्रश्न जो विचारीत नाही, त्याचे अध्यापन माझ्या मते अपुरेच म्हटले पाहिजे. हा प्रश्न विचारण्यास बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडारा या भूमिगत पाणीव्यवस्थेइतकी सोयीची जागा खानदेशाच्या आसपास दुसरी नाही.

बऱ्हाणपूर हे मोगलांच्या दक्षिणेतील मोहिमांचे मुख्य ठाणे. फौजफाटा, बाजार आणि कारखाने यांमुळे वस्ती वाढत गेली. तापी शेजारून वाहत होती, तरी शत्रूने नदीचे पाणी नासविले तर काय, ही धास्ती होती असे सांगतात. तेव्हा सुभेदार अब्दुर्रहीम खानखानान, म्हणजे दोहे रचणारा रहीम, याच्या अमदानीत १६१५ साली तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याकडून तापीकडे झिरपणारे पाणी वाटेतच अडवून शहराकडे वळविले. निजामशाहीच्या ज्या मलिक अंबराशी खानखानानाचा झगडा चालू होता, त्यानेही त्याच सुमारास आजच्या छत्रपती संभाजीनगरास, तेव्हाच्या खडकीस, भूमिगत नहर आणावी, हा योगायोग मौजेचा खराच.

शंभराहून अधिक कुंड्या, म्हणजे विहिरीसारखे उभे खड्डे, एका ओळीत खोदून त्या तळाशी बोगद्याने जोडलेल्या आहेत. पाणी केवळ उताराने वाहते. उतार अधिक झाला तर तळ खरवडला जातो आणि कमी झाला तर गाळ बसतो, म्हणून सारी करामत त्या उताराच्या मापात आहे. पुण्याला पाणी आणणाऱ्या कात्रजच्या नळाचे उच्छ्वास ज्यांनी पाहिले असतील त्यांना कुंड्यांचे प्रयोजन सांगावयास नको: खोदकामाची माती वर काढणे, हवा खेळती ठेवणे आणि सफाईसाठी आत उतरणे. त्या वर्तुळाकार का, हे मात्र संरचनाशास्त्राच्या तासाला शिकण्याजोगे आहे. वीट आणि चुना दाब सोसतात, ताण सोसत नाहीत. गोल अस्तरावर भोवतालच्या मातीचा रेटा चोहोंकडून सारखा आला, की प्रत्येक वीट शेजारणीवर रेलून दाबाखालीच राहते आणि अस्तर उलट घट्ट होते.

सुमारे ८० फूट खाली उतरल्यावर बोगद्याच्या भिंती पांढुरक्या दिसतात. पाण्यात विरघळलेला चुनखडीचा अंश, आतला कर्बवायू हवेत निसटताच, बंबात धरणाऱ्या खरीप्रमाणे भिंतींवर बसत जातो. ही खर वाट अरुंद करते आणि मूळ अस्तराला पडलेली भेग झाकूनही टाकते. ती खरवडावी तर अस्तर दुखावण्याचे भय, ठेवावी तर प्रवाह आटण्याचे. संशोधनाचा खरा विषय येथे आहे.

बऱ्हाणपुरात अशा मूळच्या आठ पाणीव्यवस्था होत्या, त्यांपैकी काही निकामी झाल्या आहेत. माथ्याकडील जंगल उठले आणि कूपनलिका खोल गेल्या, की झिरपा कमी होणारच. त्यास बांधकाम दोषी नाही. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत या भंडाऱ्याचे नाव दाखल झाले, हे उत्तमच. पण यादीने खर निघत नाही. भुसावळ-खंडवा लोहमार्गावर वसलेले हे गाव जळगावच्या अध्यापकांना दूर नाही. त्यांनी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर विद्यार्थी आणून पाण्याची पातळी, खरीची जाडी आणि अस्तराची अवस्था मोजून दप्तरी लावावी, एवढी विनंती आहे.