आंबा घाटातलं मिसिंग

एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या पेट्या भरलेल्या पिकअप गाड्या रत्नागिरीहून कोल्हापूरकडे निघतात. साखरपा मागे पडलं की आंबा घाट लागतो आणि गाडीची खरी परीक्षा सुरू होते. माझ्या मावसभावाची गाडी ८ वर्षांची, २ लाख किलोमीटर धावलेली; चार सिलिंडरचं इंजिन, सीएनजी आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारं. साखरप्यापर्यंत ती मुकाट चालायची. घाटातली तीन-चार वळणं झाली की मात्र झटके मारू लागायची आणि चढावर दम टाकायची. माथ्यावर थोडा वेळ उभी केली की पुन्हा ठणठणीत.

दोन गॅरेजं झाली. प्लग बदलले, फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले. गॅरेजच्या दारात गाडीने एकदाही खोड काढली नाही आणि घाटात एकही फेरी सोडली नाही. ‘कधीकधी होतं’ एवढंच भाऊ सांगत राहिला आणि प्रत्येक जण अंदाजाने एकेक भाग बदलत राहिला.

गॅरेजच्या भाषेत याला ‘मिसिंग’ म्हणतात. पेट्रोल किंवा गॅसच्या चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर एक सिलिंडर मिनिटाला १५०० वेळा आणि चारही मिळून सेकंदाला १०० वेळा पेटतात. त्यांतल्या एकाच सिलिंडरची विसांत एक ठिणगी हुकली, तरी मिनिटाला ७५ वेळा जोर तुटतो. आपल्याला जाणवतात ते हेच झटके.

ठिणगी मुळात पडते कशी? मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन इथे कामाला येतं. १२ व्होल्टच्या बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या जाड तारेच्या वेटोळ्यातून वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. तो प्रवाह एकदम तोडला की क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत वीस-तीस हजार व्होल्टपर्यंतचा दाब उभा राहू शकतो. प्लगच्या टोकाशी जेमतेम मिलिमीटरभर फट असते. ती ओलांडताना ठिणगी पडते.

फट तीच असली, तरी ती ओलांडायला लागणारा विद्युतदाब दर वेळी सारखा नसतो. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीड्रिख पाशेन यांनी १८८९ मध्ये याचा नियम मांडला. हा दाब फटीच्या रुंदीवर आणि तिच्यातल्या वायूच्या दाटपणावर अवलंबून असतो. सपाटीवर ॲक्सिलरेटर हलका दाबलेला असतो, सिलिंडरमध्ये हवा थोडी शिरते, ठिणगी सहज पडते. भरलेली गाडी चढाला लागली की पाय खाली जातो, सिलिंडर हवेने गच्च भरतो आणि तीच हवा दाबली गेली की फटीतला वायू कितीतरी दाट होतो. सपाटीवर जितक्या व्होल्टमध्ये भागत होतं, त्याच्या दुपटीच्या आसपास आता लागतात. इंधन सीएनजी असेल तर ही गरज पेट्रोलपेक्षाही जास्त असते.

आता जुनी कॉइल डोळ्यांसमोर आणा. इंजिनच्या माथ्यावर, प्लगच्या थेट वर बसून तिने वर्षानुवर्षं उष्णता सोसलेली असते. तिच्या आवरणाला केसाएवढी चीर पडते. विजेपुढे आता दोन वाटा असतात: एक प्लगच्या फटीतून, दुसरी चिरेतून थेट इंजिनच्या धातूत. सपाटीवर फटीची वाट सोपी, म्हणून गाडी नीट चालते. घाटात फटीची वाट अवघड होते, वीज चिरेतून निसटते आणि सिलिंडर पेटत नाही. त्यात उष्णतेची भर पडते. तांब्याचा विद्युतरोध तापमान ८० अंशांनी वाढलं की सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे तापलेल्या कॉइलची ताकदही घटते. थंड कॉइलला मल्टिमीटर लावून ‘बरोबर आहे’ म्हणणं म्हणूनच पुरेसं ठरत नाही.

मलकापूरच्या एका वयस्क मिस्त्रींनी गाडीला हात लावण्याआधी भावाला समोर बसवलं. “झटकं कवा मारती? गार असताना का तापल्यावर? भरल्याली का मोकळी? गॅसवर का पेट्रोलवर? पावसात वाढतं का?” भावाला निम्मी उत्तरं ठाऊक नव्हती. पुढच्या दोन फेऱ्यांत त्याने ती वहीत टिपली. मोकळी गाडी घाट बिनतक्रार चढत होती. भरलेली गाडी गॅसवर अडखळत होती, पेट्रोलवर टाकली की झटके जवळपास थांबत होते. सुटे भाग न बदलता निम्मं निदान इथेच झालं. हवा कुठे गळत असती, तर बहुधा इंजिन उभ्या जागी, मंद फिरतानाच अडखळलं असतं आणि जोर दिल्यावर सुधारलं असतं. इथे नेमकं उलट होतं. भार वाढला, गॅस लावला, इंजिन तापलं की गाडी चुकायची. तिन्ही गोष्टींमुळे ठिणगीवरच ताण वाढतो.

यानंतर त्यांनी स्कॅनर लावला. आजच्या गाडीतला संगणक हुकलेली ठिणगी ओळखतो तो इंजिनच्या लयीवरून. मुख्य दांड्याला दातेरी चकती असते आणि तिच्याजवळचा सेन्सर प्रत्येक दाता केव्हा गेला ते मोजतो. सिलिंडर पेटला नाही की दांडा कणभर मंदावतो. तो कोणत्या क्षणी मंदावला यावरून दोषी सिलिंडर ठरतो. पी ०३०० हा संकेत म्हणजे मिसिंग एका सिलिंडरपुरतं नाही. पी ०३०१ ते पी ०३०४ म्हणजे त्या-त्या क्रमांकाचा सिलिंडर. भावाच्या गाडीत पी ०३०३ नोंदलेला निघाला. सोबत त्या क्षणाची स्थितीही जपलेली होती: इंजिनवर भार जवळजवळ पूर्ण, पाणी तापलेलं. वहीतली नोंद आणि संगणकाची नोंद जुळली.

पण संकेत फक्त सिलिंडर दाखवतो, कारण सांगत नाही. तिसरा सिलिंडर चुकण्याचं कारण कॉइल, प्लग, इंजेक्टर, वायरिंग किंवा व्हॉल्व्ह यांपैकी काहीही असू शकतं. मिस्त्रींनी तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर बसवली. बाकी कशालाही हात लावला नाही, जुने संकेत पुसले आणि सांगितलं, “भरून घाट चढवा आन् परत या.” पुढच्या फेरीत संकेत आला पी ०३०१. कॉइल गेली तिथे दोष गेला. नवी कॉइल बसवली आणि त्यानंतरही गाडी भरून, गॅसवर, दुपारच्या उन्हात घाट चढवून पाहिली. झटके नव्हते.

संकेत तिसऱ्यावरच राहिला असता तर? मग प्लगची अदलाबदल, त्यानंतर इंजेक्टरची, आणि शेवटी कॉम्प्रेशनची तपासणी. सीएनजीच्या जुन्या गाडीत हे शेवटचं विसरून चालत नाही. गॅस कोरडा असल्यामुळे व्हॉल्व्हची बैठक झिजते, टॅपेटची फट कमी होत जाते आणि इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. डिस्ट्रिब्युटरवाल्या आणखी जुन्या गाड्यांत टोपी, रोटर आणि एचटी वायर तपासाव्या लागतात. अंधारात त्यांवर पाण्याचा हलका फवारा मारला की गळणारी वीज निळसर दिसते.

मला या पद्धतीचं मोल फार वाटतं. तिच्यात प्रयोगशाळेतल्या प्रयोगाचे सगळे टप्पे आहेत. आधी दोष कोणत्या अटींवर प्रकटतो ते शोधायचं, मग त्या अटी मुद्दाम पुन्हा उभ्या करायच्या, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दुरुस्तीनंतर त्याच अटींवर पडताळायचं. पहिल्या दोन गॅरेजांत कसब होतं, सुटे भाग होते. घाट नव्हता आणि प्रश्नही नव्हते. ‘कधीकधी’ होणारा दोष लहरी नसतो. त्याच्या अटी आपल्याला कळलेल्या नसतात, इतकंच.

दुर्लक्ष मात्र महागात पडतं. न पेटलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि अतिउष्णतेने त्याची आतली जाळी वितळू शकते. न वापरलेला ऑक्सिजनही तिकडेच जातो. तिथला सेन्सर ‘इंधन कमी पडतंय’ असं समजतो, संगणक चारही सिलिंडरना जादा इंधन देतो आणि ॲव्हरेज घसरतं. इंजिनचा दिवा नुसता पेटला असेल तर लवकर तपासणी करा. तो लुकलुकत असेल तर लगेच वेग आणि भार कमी करा आणि सुरक्षित जागी थांबा. चालू इंजिनवर कॉइल किंवा प्लगची वायर उपटून पाहण्याची जुनी सवयही सोडा. त्या विजेचा झटका जबर असतो आणि कॉइलही जाते.

तुमची गाडी असा त्रास देत असेल, तर गॅरेजला जाण्याआधी आठवडाभर एक कागद गाडीत ठेवा. इंजिन गार की तापलेलं, चढ की सपाटी, गाडी भरलेली की मोकळी, गॅस की पेट्रोल, ऊन की पाऊस, आणि वेग किती, एवढं दर वेळी लिहा. गाडी चालवताना नाही, थांबल्यावर. तो कागद मिस्त्रीच्या हातात द्या आणि भाग बदलण्याआधी तो वाचायला सांगा.