इंजिन तेलातील पाणी व इंधन : भेसळीचे निदान

बहुतेक महाविद्यालयांच्या आवारात आज डिझेलवर चालणारे जनित्र असते. त्याच्या नोंदवहीत तेलाची पातळी घटल्याची नोंद दिसली की संबंधित प्राध्यापक तत्काळ चौकशी करतात. परंतु तेल न ओतताच पातळी वाढली, तर 'तेल भरपूर आहे' असे समजून स्वाक्षरी होते. वस्तुतः ही दुसरी नोंद अधिक गंभीर होय. इंजिन थांबवून तेल चेंबरमध्ये पूर्ण उतरू दिल्यानंतरही पातळी वाढलेली आढळत असेल, तर त्यात पाणी किंवा इंधन मिसळत असण्याची दाट शक्यता असते. या दोहोंतील भेद कसा ओळखावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पाण्याचे निदान तुलनेने सुलभ आहे. पाण्यासह घुसळले गेलेले तेल दूध अधिक झालेल्या चहासारखे दिसते. प्रमाण अल्प असल्यास सुमारे 160 अंश सेल्सिअस तापविलेल्या धातूच्या पट्टीवर तेलाचा एक थेंब टाकावा. तडतड होऊन बुडबुडे आले, तर पाणी आहे असे समजावे, 0.1 टक्क्याच्या आसपास असलेले पाणीही या चाचणीत प्रकट होते. (डोळ्यांवर चष्मा अवश्य असावा.) तथापि तेल भरण्याच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली म्हणून लगेच हेड गॅस्केट फुटल्याचा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते. त्यातील अल्पसा अंश पिस्टनच्या कड्यांमधून खाली उतरतो आणि रोज दोन-तीन किलोमीटरच धावणाऱ्या गाडीत थंड झाकणाखाली साचतो. रेडिएटरमधील शीतक वारंवार कमी होत असेल, अथवा तेलाच्या पृथक्करणात सोडियम, पोटॅशियम किंवा ग्लायकॉल आढळत असेल, तरच गॅस्केट, हेड वा ऑइल कूलर यांवर संशय घ्यावा.

इंधनाची भेसळ मात्र डोळ्यांना दिसत नाही. डिझेल इंजिनातील तेल काजळीमुळे मुळातच काळे असते. वास व बोटांना जाणवणारा पातळपणा यांवरून अंदाज बांधता येतो; गाळणकागदावर थेंब टाकल्यास काळ्या ठिपक्याभोवती फिकट कडे दूरवर पसरलेले दिसते. पण हे सर्व अंदाजच. येथे आपल्याच प्रयोगशाळेतील उपकरणांचे साहाय्य घेता येईल. रेडवुड श्यानतामापकातून वापरलेले तेल आणि त्याच प्रतीचे नवे तेल समान तापमानाला वाहू देऊन दोन्हींना लागणारा वेळ ताडून पाहावा. वापरलेले तेल लक्षणीयरीत्या लवकर वाहिले, तर इंधनाचा संशय बळावतो.

या चाचणीत एक फसगत संभवते. काजळी आणि ऑक्सिडीभवन यांमुळे तेल घट्ट होत जाते, तर इंधनामुळे ते पातळ होते. दोन्ही क्रिया एकाच वेळी घडल्यास श्यानता 'योग्य' भरते आणि दोष झाकला जातो. याउलट, चुकीच्या प्रतीचे तेल ओतल्यानेही श्यानता उतरू शकते. म्हणून प्रस्तुत लेखकाच्या मते प्रज्वलनबिंदूची चाचणी अधिक निर्णायक ठरते. नव्या इंजिन तेलाचा प्रज्वलनबिंदू साधारणतः 200 अंशांहून अधिक असतो. तेल नुसते जुने झाल्याने तो फारसा घसरत नाही. डिझेल मिसळल्यास मात्र स्पष्टपणे घसरतो. पेन्स्की-मार्टेन्स उपकरणावर हे मापन करता येते.

पेट्रोल इंजिनात मिसळलेल्या इंधनाचा बराचसा भाग लांबच्या प्रवासात उष्णतेने उडून जातो. डिझेल तितक्या सहजतेने उडत नाही. गळके नोझल हे त्याच्या शिरकावाचे जुने कारण. एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज-6 मानकांनंतर मोटारींत आणखी एका कारणाची भर पडली आहे. काजळी-गाळणी जाळून स्वच्छ करण्यासाठी काही इंजिनांत सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल फवारले जाते. शहरी वाहतुकीत ही क्रिया वारंवार अर्धवट राहिली, की भिंतीवरील डिझेल तेलात उतरत राहते. अशा गाडीत नोझल बदलूनही पातळी वाढतच राहील.

चाचणीसाठी नमुना घेताना पाण्याचा संशय असल्यास रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनाचा चेंबरखालील नट अलगद सैल करावा. साचलेले पाणी तेलाहून जड असल्याने प्रथम तेच बाहेर येते. इंधनाच्या चाचणीसाठी मात्र इंजिन काही काळ चालवून, तेल एकजीव झाल्यावरच नमुना काढावा.