उद्यान-रेल्वेची खडी आणि वादळी पाऊस : प्रमाणबद्धतेची मर्यादा

प्रस्तावना :
घराच्या बागेत उघड्यावर छोटी रेल्वे चालविण्याचा छंद जर्मनी, ब्रिटन आदी देशांत रुजलेला आहे. न्युरेम्बर्ग येथील लेहमान कंपनीने १९६८ मध्ये ‘एलजीबी’ ही अशी रेल्वे बाजारात आणली. तिच्या दोन रुळांतील अंतर ४५ मिलिमीटर असून १ : २२.५ या प्रमाणात ती मीटरगेज मार्गाची प्रतिकृती ठरते. अशा मार्गावरील खडी वादळी पावसात वाहून जाते. त्यामागील कारणे व उपाय यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

खडीचे कार्य :
खडी स्लीपरना जागेवर धरून ठेवते, गाडीचा भार जमिनीवर पसरविते आणि पाण्याचा निचरा करते. कोनेदार दगड परस्परांत अडकून बसतात, गोल गोटे मात्र घरंगळतात. हे तत्त्व मोठ्या व छोट्या दोन्ही मार्गांस लागू पडते.

प्रतिकृती आणि पर्जन्य :
प्रत्यक्ष लोहमार्गावरील ५० मिलिमीटर व्यासाचा दगड सुमारे १७० ग्रॅम वजनाचा असतो. वरील प्रमाणात त्याचा व्यास २.२ मिलिमीटर होतो. वजन व्यासाच्या घनानुसार घटत असल्याने ते अवघे १५ मिलिग्रॅम उरते. पाऊस मात्र लहान होत नाही. वादळी सरीतील ५ मिलिमीटर व्यासाचा थेंब सुमारे ६५ मिलिग्रॅमचा असतो व सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने आदळतो. म्हणजे थेंबच खड्याच्या चौपट जड ठरतो. वाहत्या पाण्याचेही तसेच आहे. आल्बर्ट शील्ड्स यांनी १९३६ मध्ये बर्लिन येथे मांडलेल्या विवेचनानुसार, भरड कण हलविण्यास लागणारा प्रवाहाचा ताण साधारणतः कणाच्या व्यासाच्या प्रमाणात असतो. साहजिकच छोटी खडी सुमारे बावीसपट कमी ताणानेच सुटते.

उपाययोजना :
१) मार्ग भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच ठेवावा. खाली चर खणून त्यात जाड खडी भरावी व चढाच्या बाजूचे पाणी मार्गावर येण्यापूर्वीच वळवावे.
२) प्रमाणाचा आग्रह सोडून ३ ते ६ मिलिमीटरची कोनेदार खडी दगडाच्या चुरीसह वापरावी. चुरीमुळे पोकळ्या भरून थर घट्ट बसतो.
३) सिमेंट मिसळून खडी पक्की करणे केवळ उतारावरील कडांपुरते मर्यादित ठेवावे. १० मीटर लांबीचा पितळी रूळ तापमानात ३० अंश सेल्सिअसचा फरक पडल्यास ५ ते ६ मिलिमीटर प्रसरण पावतो. सर्व मार्ग जखडल्यास तो वाकण्याचा संभव असतो.
४) वादळानंतर प्रथम विद्युतप्रवाह बंद करावा. पाने व काटक्या काढून सांधे ब्रशने स्वच्छ करावेत, कारण एक खडाही गाडी घसरविण्यास पुरेसा असतो. नंतर पाणसळीने पातळी तपासून, खचलेला मार्ग किंचित उचलून स्लीपरखाली खडी ठोकून बसवावी. केवळ वरून खडी पसरल्याने खालची पोकळी तशीच राहते.

निष्कर्ष :
वस्तूचा आकार लहान करता येतो, निसर्गाची बले नाहीत. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या, खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रासारख्या संस्थांत नद्यांच्या प्रतिकृती उभारताना हाच प्रश्न अभ्यासकांपुढे असतो. उद्यान-रेल्वेतही दिसण्यातील हुबेहूबपणा काहीसा सोडल्याविना कार्यातील साम्य साधत नाही. प्रमाण-नियम शिकविताना हे उदाहरण भौतिकशास्त्र, भूगोल व अभियांत्रिकी या तिन्ही विषयांच्या अध्यापकांस उपयुक्त ठरावे.