मळी, मद्य आणि आपले ताट

नीरा डावा कालवा आला आणि बारामती व इंदापूर तालुक्यांचे अर्थकारण उसाभोवती फिरू लागले. आपल्याच समाजातील शेठ वालचंद हिराचंद दोशी यांनी इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळरानावर वालचंदनगर वसविले. पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथे सहकारी कारखाने उभे राहिले. एक टन ऊस गाळला की साधारण 40 किलो मळी उरते. ती किण्वाने आंबवून ऊर्ध्वपातन केले की अल्कोहोल मिळते. तेच शुद्ध करून आज पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत मिसळले जाते, तेच रुग्णालयात जंतुनाशक म्हणून वापरतात आणि पाणी, रंग व सुवास घालून तेच बाटलीत भरतात. रेणू एकच आहे. बाटलीवरील चित्र पाहून यकृत त्याला वेगळी वागणूक देत नाही.

आपल्या घरांत मद्याचे नाव काढू नये, हा संस्कार जुना आहे. सप्त व्यसनांत त्याची गणना आहे. आचार्य अमृतचंद्रांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाया’त मद्य हे असंख्य रसज जीवांचे उत्पत्तिस्थान असल्याचे सांगितले. आंबवणे हे सजीव किण्वाचे कार्य आहे, हे पाश्चरने प्रयोगाने दाखविले ते एकोणिसाव्या शतकात. तथापि पुण्या-मुंबईत नोकरी करणारी आपली मुले आज धर्माचे कारण ऐकून गप्प बसत नाहीत. ‘थोडी घेतली तर काय बिघडते?’ हा त्यांचा प्रश्न प्रामाणिक असतो. त्याला उत्तरही तसेच द्यावयास हवे.

प्रथम हिशेब मांडू. एक ग्रॅम पिष्ट किंवा प्रथिनापासून 4 उष्मांक मिळतात, स्निग्धापासून 9, आणि अल्कोहोलपासून 7. 650 मिलिलिटरच्या 8 टक्के तीव्रतेच्या बिअरच्या बाटलीत सुमारे 41 ग्रॅम अल्कोहोल असते. म्हणजे केवळ त्याचेच सुमारे 290 उष्मांक, मध्यम आकाराच्या दीड भाकरीइतके. परंतु भाकरीबरोबर लोह, प्रथिने, तंतू व जीवनसत्त्वे येतात. येथे जमेच्या बाजूला जवळजवळ काहीच नाही, आणि शरीराच्या शिलकीतून मात्र खर्च पडतो. बँकेच्या भाषेत याला मूळ भांडवल खाणे म्हणतात.

हा खर्च असा होतो. यकृत अल्कोहोलचे प्रथम ॲसिटाल्डिहाइड करते. हे अत्यंत घातक द्रव्य आहे. ते काम चालू असताना चरबी जाळण्याचे काम मागे पडते आणि ती यकृतातच साचते. जठर व आतड्यांचे अस्तर सुजल्याने थायमिन (बी-1), फोलेट व बी-12 यांचे शोषण घटते. मॅग्नेशियम व जस्त लघवीवाटे जाते. आपला मुद्दा येथे विशेष आहे. शाकाहारी माणसाला बी-12 मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळते, त्यामुळे आपल्याकडे त्याची शिल्लक मुळातच बेताची असते. त्यावर नियमित मद्याची भर पडली की हातापायांना मुंग्या, चालण्यात अस्थिरता, विस्मरण ही लक्षणे दिसू शकतात, आणि घरचे त्यास वयाचा दोष समजतात. उपाशीपोटी घेणे तर अधिक धोक्याचे. यकृतातील साखरेचा साठा उपवासाने संपलेला असतो व नवी साखर तयार करण्याचे काम अल्कोहोल रोखते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याची रक्तशर्करा यात एकाएकी खाली जाऊ शकते.

राहिला कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1988 सालीच मद्याला तंबाखूच्याच, म्हणजे पहिल्या गटात बसविले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन ही त्याची ठिकाणे. तंबाखू वा गुटखाही सोबत असेल तर तोंडाच्या कर्करोगाचा धोका नुसती बेरीज होऊन थांबत नाही. 2023 च्या जानेवारीत याच संघटनेने मद्याचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही, असे स्पष्ट केले. 2022 मध्ये राज्यात मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकण्याचा निर्णय झाला, तेव्हा ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ असा युक्तिवाद बराच ऐकू आला. विरोधामुळे तो विषय रेंगाळला. युक्तिवाद मात्र अजून लग्नाच्या मांडवाबाहेर ऐकू येतो.

व्यापारी कुटुंबांनी आणखी एक कागद वाचावा: आपली आरोग्य विमा पॉलिसी. तिच्या प्रमाणित अपवादांत मद्याच्या व्यसनाचा उपचार व त्याचे परिणाम यांचा समावेश असतो. केसपेपरवर तशी नोंद असेल तर यकृताच्या आजाराचा दावा नाकारला जाऊ शकतो आणि मग खर्च पेढीच्या गल्ल्यातून जातो.

शेवटी, ज्यांच्या घरी हा प्रश्न आधीच उंबरठ्याच्या आत आला आहे त्यांच्यासाठी. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला शपथ घालून वा खोलीत कोंडून एका रात्रीत दारू तोडावयास लावणे जिवावर बेतू शकते. पहिल्या दिवशी थरथर व घाम, दोन दिवसांच्या आत फिट, तिसऱ्या दिवसाच्या सुमारास भ्रम व तीव्र ताप, असा क्रम दिसू शकतो. अशक्तपणा आला म्हणून परस्पर ग्लुकोजची बाटली लावून घेऊ नये; डॉक्टर आधी थायमिन देतात, मग ग्लुकोज. महाराजसाहेबांकडून नियम अवश्य घ्यावा, पण त्याच दिवशी डॉक्टरांनाही दाखवावे. पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी 1986 साली सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. तेथे वैद्यकीय देखरेख व समुपदेशन दोन्ही मिळते. बारामतीहून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या आत तेथे पोहोचतो.