बिऱ्हाड बदलले तरी पत्ता तोच

एखाद्या वाचनालयाची ग्रंथसूची दाखविणारे वेब ॲप तयार झाले, म्हणजे ते ठेवावयाचे कोठे, असा प्रश्न उभा राहतो. येथे प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. ॲपच्या दर्शनी भागाची, म्हणजे फ्रंट-एंडची, बांधणी झाल्यावर हाती उरतात त्या केवळ फायली: एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट. त्या चालतात वाचकाच्या ब्राउझरमध्ये. सर्व्हरने त्या फक्त पोचवावयाच्या. तेवढ्यासाठी अष्टौप्रहर जागता सर्व्हर भाड्याने घेण्याचे कारण नाही.

२००८ साली निघालेले गिटहब पेजेस अशा फायली विनामूल्य ठेवते. मात्र आकार १ जीबीच्या आत असावा आणि तेथे व्यापार थाटू नये, असा दंडक आहे. शिवाय आतल्या पानाचा पत्ता थेट उघडला, तर त्या नावाची फाईल नसल्यास ४०४ हे उत्तर मिळते. नेटलिफाय व व्हर्सेल येथे असे सर्व पत्ते मूळ पानाकडे वळविता येतात. परंतु व्हर्सेलची फुकट योजनाही व्यापारासाठी नाही. गुप्त किल्ल्या वापरावयाच्या असतील, तर त्या सर्व्हरवरच राहाव्यात. ब्राउझरकडे गेलेले काहीच गुप्त राहत नाही.

फुकटाला शाश्वती नसते. हेरोकूने आपली विनामूल्य योजना नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद केली. म्हणून डोमेन संस्थेच्याच नावे घ्यावे आणि मूळ फायली आपल्याजवळ जपाव्यात. मग बिऱ्हाड बदलले, तरी वाचक चुकणार नाही.